एस्टिमेट हातात आल्यावर: कोणते काम स्वतः करावे, कोणते मेकॅनिकला द्यावे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमच्याकडे २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, गाडी ८०,००० किलोमीटरच्या आसपास चालली आहे आणि वॉरंटी केव्हाच संपली आहे. सकाळी सेल्फ जड मारतो, ब्रेक लावताना पुढच्या चाकांतून किरकिर ऐकू येते, क्लचचे पेडल घट्ट झाले आहे आणि एसी पूर्वीसारखा गार करत नाही. सर्व्हिस सेंटरने नवी बॅटरी, पुढचे ब्रेक पॅड व डिस्क, पूर्ण क्लच सेट, एसीचा गॅस, शिवाय थ्रॉटल बॉडी व इंजेक्टर क्लीनिंग आणि इंजिन फ्लश असे भलेमोठे एस्टिमेट दिले आहे. मुलुंडच्या तुमच्या सोसायटीत आवारात हक्काचे पार्किंग आहे, व्हिडिओ पाहून यातले बरेचसे आपल्याला जमेल असे तुम्हाला वाटते, आणि म्हणून पैसे मेकॅनिकला द्यावेत की हत्यारांवर घालावेत, असे तुम्ही विचारता.

माझे मत असे आहे की या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत: गाडीला नेमके काय झाले आहे हे कोणी ठरवायचे, आणि ठरल्यावर पाना कोणी फिरवायचा. पहिली गोष्ट तुम्ही शक्य तितकी स्वतःच्या हातात ठेवावी, दुसरी मात्र बहुतेक वेळा मेकॅनिकला द्यावी. तुम्ही पाहता ते बरेचसे व्हिडिओ अमेरिकेतले किंवा युरोपातले असतात. तिथे तासाची मजुरी एवढी महाग आहे की ब्रेक पॅड घरी बदलले तरी खर्चाचा मोठा भाग वाचतो. मुंबईत गणित तसे नाही. इथे नेहमीच्या कामांत मजुरी हा बिलाचा सहसा लहान भाग असतो आणि पैसा जातो तो पार्टवर, त्यातही न बिघडलेल्या पार्टवर. पॅडची गरज असताना पॅड व डिस्क दोन्ही बदलले गेले, किंवा केबल अडकत असताना क्लच सेट बसवला गेला, तर मजुरीत जेवढे वाचवता आले असते त्याच्या कित्येक पट रक्कम तिथे निघून जाते. स्वतः दुरुस्ती करण्यातली मुंबईतली खरी बचत परीक्षेत आहे, आणि परीक्षेला महागडी हत्यारे लागत नाहीत.

पाना स्वतः फिरवायचा की नाही हे ठरवताना मी सर्वांत आधी एकच गोष्ट पाहतो: माझ्याकडून काम चुकले तर ती चूक कुठे उघडकीला येईल? केबिन फिल्टर (गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा) उलटा बसला तर एसीची हवा थोडी कमी येईल आणि संध्याकाळी तो काढून सुलटा लावता येईल. ब्रेक कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) बोल्ट कमी आवळला गेला तर ते कळायची जागा घाटकोपरजवळचा ईस्टर्न एक्सप्रेस हायवे असू शकते, आणि तिथे तुमच्या मागेपुढे इतरांच्याही गाड्या असतात. ज्या कामातली चूक आवारातच कळते आणि आवारातच दुरुस्त होते ते काम शिकण्यासाठी चांगले. यापाठोपाठ अर्ध्यात अडकण्याचाही विचार करावा. रविवारी दुपारी एखादा बोल्ट तुटला, स्पेअर पार्टची दुकाने बंद आहेत आणि सोमवारी गाडी लागणार आहे, अशी वेळ आली तर टोइंगचा खर्च आणि गेलेला दिवस मिळून सगळी बचत संपते.

आता तुमच्या यादीकडे येतो. बॅटरीपासून सुरुवात करतो, कारण तिची परीक्षा आणि काम दोन्ही तुम्ही निर्धास्तपणे करू शकता. सेल्फ जड मारला की बॅटरी गेली असे सरसकट धरले जाते. प्रत्यक्षात बॅटरी जुनी झालेली असू शकते, अल्टरनेटर ती पुरेशी चार्ज करत नसेल, गाडी बंद असतानाही एखादे उपकरण रात्रभर करंट ओढत असेल, टर्मिनलवर गंज चढून जोड कच्चा झाला असेल, किंवा स्टार्टर मोटरच थकली असेल. या पाचांपैकी एकाच कारणावर नवी बॅटरी हा उपाय आहे. कोणते कारण आहे हे साध्या डिजिटल मल्टिमीटरने घरच्या घरी बऱ्याच अंशी कळते.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे बॉनेट सकाळी उघडा, किल्ली न लावता मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि लाल प्रोब पॉझिटिव्हवर, काळा निगेटिव्हवर टेकवा. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी पूर्ण चार्ज आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग घरातल्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही आकड्यावर नजर ठेवा. चार्ज असलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर तिची ताकद संपत आली आहे. इंजिन सुरू झाल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. तो १२ च्या घरातच राहिला तर दोष चार्जिंगमध्ये आहे, आणि अशा गाडीत नवीकोरी बॅटरी घातली तरी थोड्याच दिवसांत तीही उतरेल. (काही नव्या गाड्यांत चार्जिंगवर कॉम्प्युटरचे नियंत्रण असते, तिथे हा आकडा खालीवर होतो.)

याच वेळी आणखी एक परीक्षा करा, जी घाईच्या गॅरेजमध्ये क्वचितच होते. सेल्फ मारत असताना प्रोब आधी बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवून आकडा पाहा, मग खुंटाला धरणाऱ्या क्लॅम्पवर टेकवून पुन्हा पाहा. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टएवढा फरक पडत असेल तर बॅटरी चांगली असूनही करंट त्या जोडात अडतो आहे. मुंबईच्या दमट हवेत टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर चढणे नेहमीचे आहे. दहाच्या पान्याने क्लॅम्प सैल करा, खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने थर धुवा, खुंट व क्लॅम्प ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा, कोरडे करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. काढताना निगेटिव्ह आधी आणि लावताना निगेटिव्ह शेवटी, हा क्रम कधीही मोडू नये. निगेटिव्ह सुटलेला असला की पॉझिटिव्हवरचा पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, त्यामुळे ठिणगी हा तिथला खरा धोका आहे. डोळ्यांवर चष्मा असू द्यावा.

गाडीत डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर बसवला असेल तर त्याची वायर किल्ली बंद केल्यावरही चालू राहणाऱ्या जोडाला दिली आहे का, हेही पाहा. आठवड्यातून दोनदाच बाहेर निघणाऱ्या गाडीची बॅटरी अशा उपकरणांमुळे उतरलेली मी पुष्कळदा पाहिली आहे.

एवढे करून बॅटरीच संपली आहे असे ठरले, तर तेवढ्याच अँपिअर-अवरची (म्हणजे तेवढ्याच क्षमतेची) आणि टर्मिनलांची दिशा तीच असलेली बॅटरी फोनवर मागवा. मुंबईत बॅटरीचे विक्रेते घरपोच येऊन बसवून देतात आणि जुनी परत घेऊन तिची किंमत बिलातून वजा करतात, त्यामुळे इथे स्वतः बसवण्यात वाचवण्यासारखे फारसे उरत नाही. बॅटरीवरची उत्पादनाची तारीख तेवढी वाचून घ्यावी, कारण दुकानात बराच काळ पडून राहिलेली बॅटरी नवी असली तरी तिचे आयुष्य खर्च होऊ लागलेले असते.

ब्रेकच्या बाबतीत परीक्षा तुमची, काम मेकॅनिकचे, असे मी स्पष्ट सांगेन. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा तांबूस पापुद्रा येतो आणि सकाळी पहिल्या दोनचार ब्रेकना खरखर ऐकू येते. हा दोष नाही, तो पापुद्रा पॅडच घासून काढतो. आवाज दिवसभर राहत असेल तर पाहणी हवी. अनेक पॅडना एक पातळ पत्रा लावलेला असतो, जो पॅड झिजल्यावर डिस्कला घासून मुद्दाम किंचाळतो. पण धूळ, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या कोरड्या पडलेल्या स्लाइड पिना आणि काचेसारखा गुळगुळीत झालेला पॅड यांमुळेही किरकिर होते.

म्हणून एस्टिमेटवर नुसते ‘पॅड व डिस्क बदलणे’ वाचून होकार देऊ नका, मिलिमीटरमधले आकडे मागा. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० मिलिमीटर असतो, आणि तो ३ मिलिमीटरपर्यंत आला की पॅड बदलायला घ्यावेत असे मी सांगतो. डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. तुमची डिस्क त्या आकड्याच्या वर असेल, तिच्यावर खोल चरे नसतील आणि ब्रेक लावताना पेडल व स्टिअरिंग थरथरत नसेल, तर ती बदलण्याचे कारण मला दिसत नाही. मोजताना एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. झिजलेल्या डिस्कच्या कडेला न झिजलेली उंच कडा राहते, आणि व्हर्निअर त्या कडेवर टेकला तर मोडीत काढायची डिस्कही मापात चांगली ठरते. पॅड जिथे घासतो त्या पट्ट्यावरच माप घ्यायला हवे. ते मायक्रोमीटरने, तुमच्या समोर घ्यायला सांगा. चांगला मेकॅनिक अशा विनंतीने दुखावला जात नाही.

पॅड बदलणे यांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. चाक काढायचे, कॅलिपरचा एक किंवा दोन बोल्ट सोडायचे, पिस्टन मागे दाबायचा आणि पॅड बदलायचे, एवढेच ते दिसते. तरीही पहिल्यांदा एकट्याने ते करू नका असे सांगतो, कारण यातल्या चुका व्हिडिओत दिसत नाहीत. कॅलिपर ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवला तर नळीला आतून इजा होते आणि ती बाहेरून कळत नाही. पिनांचे ग्रीस पॅडच्या घासणाऱ्या बाजूला लागले तर पॅड वाया जातो. पिस्टन मागे दाबताना वरच्या डबीतले ब्रेक ऑइल उतू जाऊन रंग खराब होतो. सर्वांत गंभीर म्हणजे काम झाल्यावर पहिल्यांदा दाबलेले पेडल थेट तळाला जाते, कारण पिस्टन अजून पॅडपर्यंत पोहोचलेला नसतो. गाडी जागेवरून हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप केले नाही, तर पार्किंगमधल्या समोरच्या भिंतीपर्यंतही ब्रेक लागणार नाही. अनुभवी माणसाच्या शेजारी बसून एका बाजूचे चाक त्याने आणि दुसऱ्या बाजूचे तुम्ही, असे एकदा केलेत तर पुढच्या वेळी स्वतः करायला माझी हरकत नाही. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. मुंबईच्या हवेत ही मुदत लांबवू नये, आणि हे काम गॅरेजलाच द्यावे.

क्लच सेट ही तुमच्या एस्टिमेटमधली सर्वांत मोठी रक्कम असणार, म्हणून होकार देण्याआधी थांबून पाहण्याची गरज इथेच सर्वांत जास्त आहे. क्लच प्लेट संपल्याची खरी खूण म्हणजे क्लच स्लिप होणे. मोकळ्या सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज व आरपीएम झटकन वर गेले पण गाडीने त्या मानाने वेग घेतला नाही, तर प्लेट घसरते आहे. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत हे कुठेच नाही, फक्त पेडल घट्ट आहे. अनेक लहान पेट्रोल गाड्यांत क्लच केबलवर चालतो, आणि केबल आतून सुकली किंवा तिच्या तारा तुटू लागल्या की पेडल घट्ट होते. प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारी) थकल्यानेही पेडल जड होऊ शकते, म्हणून अंदाज न बांधता मेकॅनिकला केबल गिअरबॉक्सच्या बाजूने सोडून नुसती केबल ओढून पाहायला सांगा. केबल एकटी असतानाही अडकत असेल तर पूर्ण सेटच्या तुलनेत अगदी किरकोळ खर्चात काम भागेल. गाडी जागेवरून निघताना थरथर होत असेल तर इंजिनाची फाउंडेशनेही (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) तपासायला लावा, कारण त्यांचे रबर बसले की तोच अनुभव येतो.

क्लच खरोखर स्लिप होत असेल तर मात्र प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला आणि त्याची मजुरी मनमोकळेपणाने द्या. गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवणे हे त्यातले खरे कष्टाचे काम आहे, त्यामुळे बेअरिंगची किंमत वाचवून सहा महिन्यांनी तोच गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्यात शहाणपण नाही. हे काम सोसायटीच्या आवारात करण्याचा विचारही करू नये. एवढी जड वस्तू गाडीखाली निजून छातीच्या वर धरायची असते आणि शाफ्टचे दाते जुळेपर्यंत ती तशीच तोलून ठेवावी लागते. नवा क्लच बसल्यावर तो टिकवणे तुमच्याच पायात आहे. एलबीएस मार्गावरच्या संध्याकाळच्या गर्दीत हाफ क्लचवर गाडी रेटत नेण्याची सवय प्लेट झपाट्याने खाते.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता नुसता गॅस भरणे म्हणजे तेच बिल पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा भरणे. पण गॅसकडे जाण्याआधी केबिन फिल्टर काढून पाहा. तो अनेक गाड्यांत डॅशबोर्डच्या डाव्या कप्प्यामागे असतो, कप्पा दोन्ही बाजूंनी दाबून खाली उतरवला की दिसतो, आणि बदलायला बहुधा एकही हत्यार लागत नाही. मुंबईत रस्त्यांची आणि इमारतींची बांधकामे सतत चालू असतात, त्यामुळे हा फिल्टर मॅन्युअलमधल्या मुदतीच्या कितीतरी आधी धुळीने व पानांच्या चुऱ्याने बुजलेला सापडतो. त्यानंतर समोरच्या जाळीतून एसीचा कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारा भाग) पाहा. त्यावर चिखल बसला असेल तर साध्या पाइपच्या हलक्या धारेने धुवा, जोराच्या प्रेशरने त्याच्या नाजूक पाकळ्या वाकतात. मग इंजिन चालू ठेवून एसी लावा आणि रेडिएटरचा पंखा फिरतो का ते दुरून पाहा. पंखा अचानक सुरू होतो, म्हणून हात जवळ नेऊ नका.

हे तिन्ही ठीक असूनही गारवा येत नसेल तर एसीचेच काम करणाऱ्याकडे जा. मुंबईत ऑटो इलेक्ट्रिशियन, रेडिएटरवाले, एसीवाले, अलाइनमेंटवाले असे एकेका कामात मुरलेले लोक असतात, आणि नेहमीच्या मेकॅनिकपेक्षा ते या कामात सहसा सरस ठरतात. गळती तपासणे, व्हॅक्यूम पंपाने नळ्या रिकाम्या करणे आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमच्या मापाने गॅस भरणे, या क्रमाने तो काम करतो का ते पाहा. हे घरी करू नये. दाबाखालचा गॅस डोळ्यांवर किंवा त्वचेवर उडाला तर गोठवून इजा करतो, आणि आर-१३४ए हा गाड्यांच्या एसीतला गॅस हवेत सोडला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ करतो.

थ्रॉटल बॉडी व इंजेक्टर क्लीनिंग आणि इंजिन फ्लश या बाबी गाडीच्या मॅन्युअलमधल्या देखभालीच्या तक्त्यात आहेत का ते पाहा. तिथे नसतील, इंजिन उभ्या जागी एकसारखे चालत असेल आणि मायलेज घसरले नसेल, तर मी त्या तिन्ही कापेन.

तुमच्या आवाराबद्दल आता बोलतो, कारण व्हिडिओतले गॅरेज आणि आपल्या इमारतीचे पार्किंग यांत मोठा फरक आहे. गाडीबरोबर मिळालेला जॅक स्टेपनी लावण्यापुरताच असतो, त्याच्या भरवशावर शरीराचा कोणताही भाग गाडीखाली घालायचा नसतो. जॅक स्टँड विकत घेतले तरी ते ठेवणार कशावर? मुंबईतल्या असंख्य सोसायट्यांच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात आणि ते वाळूच्या थरावर टेकलेले असतात. स्टँडच्या चार लहान पायांवर गाडीचा भार आला की एखादा ब्लॉक एका कोपऱ्याने खचतो आणि स्टँड कलंडतो. पावसाळ्यात खालची वाळू वाहून गेलेली असते तेव्हा तर हे अधिकच सहज होते. सलग काँक्रीट आणि सपाट जमीन नसेल तर गाडी उचलण्याचे कोणतेही काम तिथे करू नये. यांत्रिक किंवा स्टॅक पार्किंगच्या पाळण्यावर तर बॉनेट उघडण्यापलीकडे काहीही नको. शिवाय आवारात दुरुस्ती करू देण्याबाबत सोसायटीचे नियम काय आहेत हे सेक्रेटरींना आधी विचारा. ऑइलचा एक डाग शेजाऱ्यांशी असलेले संबंध बिघडवायला पुरतो.

याच कारणाने इंजिन ऑइल घरी बदलण्याच्या मोहात पडू नका. मजुरी थोडी, पण गाडी उचलावी लागते, ॲल्युमिनियमच्या ऑइल चेंबरचे आटे जास्त आवळण्याने जातात, आणि निघालेले काळे तेल हा नियमांनुसार घातक कचरा असतो. तो गटारात ओतणे सर्वथा अयोग्य आहे. मॅन्युअलमधल्या ग्रेडचे ऑइल आणि फिल्टर स्वतः विकत घेऊन तुमच्या समोर बदलून घ्या.

काही भागांना अनुभव वाढल्यावरही हात लावू नये. स्टिअरिंग आणि डॅशबोर्डमधल्या एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरच्या वायरी, शॉकअपवरची दाबलेली स्प्रिंग, गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण आणि सीएनजीचे कोणतेही जोड, हे सगळे त्यात येते. तुमची गाडी पेट्रोलची आहे, पण पुढे सीएनजी बसवायचे झाले तर किट अधिकृत केंद्रातूनच बसवा आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (दाबाची चाचणी) चुकवू नका.

तुम्ही विचारलेले नाही, तरी मुंबईतल्या प्रत्येक गाडीमालकाला सांगावे असे वाटते. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नका. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, गांधी मार्केट इथे जोराच्या पावसात पाणी भरू शकते, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा तर ज्या रस्त्यांवर कधी पाणी पाहिले नव्हते तिथेही गाड्या बुडाल्या. एअर फिल्टरमार्गे पाणी सिलिंडरमध्ये शिरले असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सेल्फ न मारता गाडी टो करून नेली तर स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर काढण्यावर आणि ऑइल-फिल्टर बदलण्यावर बऱ्याचदा भागते. सेल्फ मारला तर इंजिन उघडावे लागते. साध्या विमा पॉलिसीत असे इंजिनचे नुकसान सहसा धरले जात नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचे वेगळे कलम घ्यावे लागते. विम्याचे नूतनीकरण करताना ते आहे का, एवढे नक्की पाहा.

पार्टच्या खरेदीबद्दल. कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाऊसचा परिसर इथे सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे, आणि तिथे भाव एस्टिमेटपेक्षा कमी मिळू शकतो. जाताना गाडीचा चॅसी नंबर आणि शक्य असेल तर पार्ट नंबर घेऊन जा, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक पॅडचा आकारही बदललेला असतो. आरसा, दाराचे हँडल, बंपरची क्लिप यांसारख्या वस्तू जुन्या घ्यायला हरकत नाही. ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि एअरबॅग यांतले काहीही जुने किंवा संशयास्पद स्वस्त घेऊ नका. मात्र पार्ट तुम्ही आणला आणि तो खराब निघाला तर दुसऱ्यांदा काम करण्याची मजुरी मेकॅनिक मागणार, आणि ती मागण्याचा त्याला हक्क आहे. क्लचसारख्या मजुरीच्या कामात म्हणूनच पार्ट व काम एकाच ठिकाणाहून घ्यावे, म्हणजे जबाबदारी विभागली जात नाही. काम कुठेही केलेत तरी बदललेले जुने भाग परत मागा आणि पार्ट व मजुरी वेगवेगळी दाखवणारे बिल घ्या. उद्या वाद झाला तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागताना तोंडी व्यवहार सिद्ध करणे अवघड जाते.

आता हत्यारांबद्दल. डिजिटल मल्टिमीटर, आठ ते एकोणीसपर्यंतचे रिंग पाने, रॅचेटसह लहान गोटी सेट, टायरमधली हवा मोजायचा गेज आणि डोक्याला बांधायचा टॉर्च, एवढ्यावर वर सांगितलेल्या तुमच्या वाट्याच्या सगळ्या परीक्षा होतात. एखादा साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले तक्रारीचे कोड वाचणारे उपकरण) जोडीला असला तर उत्तम, तुमच्या २०१६ च्या गाडीला तो चालेल. पण त्यावर दिसणारा कोड कोणता पार्ट बदलायचा ते सांगत नाही, तक्रार कोणत्या भागात आहे ते सांगतो. पी ०१७१ हा कोड इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी जात असल्याचे सांगतो, आणि त्याचे कारण फुटलेली व्हॅक्यूमची नळी, मळलेला एअरफ्लो सेन्सर किंवा कमी पडलेला पेट्रोलचा दाब यांपैकी काहीही असू शकते. कोड दिसल्याबरोबर ऑक्सिजन सेन्सर विकत घेणारे पैसे वाया घालवतात. टॉर्क रेंच (ठरलेल्या ताकदीने नट आवळणारा पाना) आणि जॅक स्टँड मात्र आताच घेऊ नका. ब्रेकचे काम कोणाच्या तरी शेजारी बसून एकदा शिकलात आणि सलग काँक्रीटची जागा मिळाली, तेव्हा ते घ्या, आणि चाकाचे नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यालाच आवळा. अंदाजाने पाय देऊन आवळलेला नट डिस्कवर वाकडा ताण आणू शकतो, शिवाय पंक्चर झाल्यावर रस्त्यात तो कोणालाच सुटत नाही.

येत्या रविवारी बॅटरीच्या सगळ्या परीक्षा, टर्मिनलची सफाई आणि केबिन फिल्टर एवढे करून घ्या. ते झाल्यावर पॅड व डिस्कची मापे आणि क्लच केबल सोडून केलेली पाहणी, या दोन गोष्टी तुमच्या समोर करून देईल अशा गॅरेजमध्ये गाडी न्या, आणि नवे एस्टिमेट त्यानंतरच मागा.